फिल्डच्या नोकरीत नवीन लागलात? मोबाईल आधी असा लावून घ्या

यंदा आमच्या कापूस प्रकल्पात चार नवीन पोरंपोरी लागले, फिल्ड फॅसिलिटेटर म्हणून, म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सांगायचं आणि नोंदी ठेवायच्या. पहिल्याच दिवशी त्यातल्या एकीने विचारलं, दादा, कामासाठी कोणकोणते अ‍ॅप टाकू? मी गडबडीत दोन नावं सांगितली आणि गाडीवर बसलो, पण रात्री वाटलं हे नीट लिहूनच काढावं, काहून की मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिले दोन खरीप मी नुसता धावतच होतो.

आधी कामाचं सांगतो. आमचा पट्टा यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी-पांढरकवडा, टिपेश्वरच्या जंगलाकडची गावं. सकाळी गाडी काढायची, दोन-तीन गावं करायची, कुठे बैठक, कुठे शेतात ट्रॅप म्हणजे किडीचे सापळे पाहणं, फोटो, नोंदी, आणि संध्याकाळी ऑफिसचा मेसेज येतोच, आजच्या आज पाठवा. टेकडी ओलांडली की रेंज जाते ते परत डांबरी रोडवर आल्यावरच येते. यूट्यूबवर "हे दहा अ‍ॅप वापरा" सांगणारे लय आहेत पण ते सगळं वायफायमध्ये खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी असते, म्हणून माझी पहिली परीक्षा सोपी आहे. अ‍ॅप टाकलं की फोन फ्लाईट मोडवर टाका आणि त्यात एक नोंद करून पाहा. झाली तर ठेवा, नाही झाली तर फिल्डच्या कामासाठी ते अ‍ॅप तुमच्या उपयोगाचं नाही, कितीही स्टार असू द्या.

एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मनातून अजून जात नाही. पहिल्या वर्षी एका काकूने विहिरीजवळ उभं राहून मला पासबुक दाखवलं, मी फोटो काढला, म्हटलं काकू तुमचं नाव टाकतो यादीत. फोटो राहिला गॅलरीत दोन-तीनशे फोटोंच्या मधात, नाव लिहिलं एका चिठ्ठीवर, मोबाईल नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्री यादी पाठवली त्यात काकूचं नावच नाही. मला कळलं दोन महिन्यांनी, जेव्हा बाकीच्यांचं सामान आलं. ती काही बोलली नाही, चहा मांडला आणि म्हणाली, "राहून गेलं असन बाप्पा, तुमच्या मांगं किती जन असतेत." भांडली असती तर बरं वाटलं असतं. मेहनत कमी पडली नव्हती, एकाच माणसाची माहिती तीन जागी ठेवली होती म्हणून ते झालं.

तेव्हापासून माझी एकच जागा आहे, गुगल कीप, म्हणजे गुगलची नोंदवही. फुकट आहे, रेंज नसली तरी लिहिता येतं, नेट आलं की आपोआप जुळतं. मी प्रत्येक गावाची एक नोट ठेवतो, गावाचं नाव वर, खाली चौकोनवाली यादी, कोणाला काय कबूल केलं ते. काम झालं की टिक. आज ज्या गावात जायचं ती नोट पिन करून वर ठेवायची म्हणजे शोधत बसावं लागत नाही. आणि नियम असा की गाडीला किक मारायच्या आधी लिहायचं, घरी जाऊन लिहू म्हटलं की ते गेलंच समजा. टाईप करायचा कंटाळा येत असेल तर गुगलच्या कीबोर्डवर मराठी निवडा आणि माईक दाबून बोला, नेट असलं की चांगलं लिहिते, फक्त नावं आणि आकडे बोटानेच टाका, कारण आपली वऱ्हाडी बोली त्याला सगळी समजत नाही आणि एक आकडा चुकला की पैसे भलत्याच खात्यात.

आता जे माझ्या मते सगळ्यात कामाचं आहे आणि नवीन पोरं सगळ्यात कमी वापरतात ते म्हणजे गुगल शीट्स, एक्सेलसारखे तक्ते करायचं. शीट म्हटलं की रिपोर्ट आठवतो, पण मी ती स्वतःच्या कामासाठी वापरतो. बोंडअळीचंच घ्या. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला पेरणीनंतर ४५ दिवसांनी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, एकरी २, आणि सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग पडले तर नुकसानीची पातळी आली, फवारणीचं सांगायची वेळ. आता माझ्याकडे ११ गावं, प्रत्येकाची पेरणी वेगळी, कोणी जूनच्या पहिल्याच पावसावर टोबलं, कोणाला दुबार करावं लागलं. हे डोक्यात राहूच शकत नाही. शीटमध्ये पहिल्या उभ्या रांगेत शेतकऱ्याचं नाव, दुसऱ्यात पेरणीची तारीख, तिसऱ्यात लिहायचं =B2+45, अक्षर आणि आकडे इंग्रजीतले बरं का, आणि तो चौकोन खाली ओढायचा. झालं, प्रत्येकाची सापळे लावायची तारीख तयार. मग त्या रांगेवर क्रम लावा, वर जो आला त्याच्याकडे आधी जायचं. ज्या दिवशी मी हे पहिल्यांदा केलं त्या आठवड्यात माझे दोन फालतू चक्कर वाचले, पेट्रोलचे पैसेही वाचले. फाईलवर "ऑफलाईन उपलब्ध" हे चालू करायचं विसरू नका नाहीतर जंगलाच्या काठावर ती उघडणारच नाही.

तीन रात्रींची मोजणी मात्र शीटने होत नाही, तिथे कॅलेंडर लागते. पहिल्या दिवशी पतंग जास्त दिसले की तिथेच उभं राहून पुढच्या दोन दिवसांच्या सकाळी ७ चं रिमाइंडर टाकतो, शेतकऱ्याचं नाव आणि फोन नंबर त्यातच. मी गेलो नाही तरी फोन करून विचारता येते, "भाऊ, आज किती पडले?" आधी काय व्हायचं, पहिला दिवस मोजायचा, दुसरा राहायचा, आणि मधला एक दिवस गेला की सलग ३ रात्री म्हणायला आधारच राहत नाही, शेतकरी विचारते फवारू का नको आणि आपण गप.

सर्व्हेचे फॉर्म बहुतेक ठिकाणी कोबो कलेक्टवर असतात. शेतात बसून विना नेटचं भरता येतं, लोकेशनही घेते, चांगलं आहे. पण इथे नवीन माणसाचं नुकसान होते ते एकाच ठिकाणी: फॉर्म भरून सेव्ह झाला म्हणजे गेला असं वाटते. तो तुमच्याच फोनमध्ये असतो. नेटमध्ये येऊन "पाठवा" करावं लागतं. आमच्या एका सोबत्याने फोन हँग होते म्हणून अ‍ॅप काढून परत टाकलं, न पाठवलेले ४० च्या वर फॉर्म गेले, ते घरोघरी जाऊन परत भरले त्याने, ऐन वेचणीच्या दिवसात, लोकांना वेळ नाही. मी रोज संध्याकाळी घाटंजीच्या स्टँडवर चहा घेताना आधी फॉर्म पाठवतो मग कप उचलतो.

फोटोला तारीख आणि जागा लागते म्हणून जीपीएस मॅप कॅमेरा सगळेच वापरतात. उघडल्या उघडल्या फोटो काढू नका, लोकेशन बसायला थोडं थांबा, नाहीतर शेत एका गावचं आणि फोटोवर नाव मागच्या गावचं येते, मग ऑफिसला समजावत बसा. कागदांसाठी गुगल ड्राईव्हमधलंच स्कॅन वापरा, सरळ पीडीएफ होते, फाईलचं नाव लगेच द्या, गाव-नाव-कागद या क्रमाने. कॅमस्कॅनर जून २०२० मध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये होतं, तरी कोणी ना कोणी ते इन्स्टॉल करायची फाईल पाठवते, ती फोनमध्ये टाकू नका. लोकांचं आधार, पासबुक ग्रुपवर कधीच टाकायचं नाही. त्यांनी ते तुमच्या भरवशावर दिलं असते. ड्राईव्हची फुकटची जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटो मिळून, तर महिन्याला जुने व्हिडिओ काढत राहा.

व्हॉट्सअ‍ॅपने माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा कशानेच नाही, आणि त्याच्याशिवाय कामही होत नाही. मी कामाचे ३ ग्रुप सोडून बाकी सगळे म्यूट केले. बैठकीचा निरोप ग्रुपवर टाकला की सुप्रभातच्या फोटोखाली दबते, त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज आल्यासारखा दिसते. फक्त ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच तो जाते, म्हणून पहिल्या भेटीतच, शेतकरी काकावर न सोडता, आपल्या हाताने त्यांच्या फोनमध्ये नंबर टाकून द्या. कोणी मधातच काही पाठवलं तर ते स्वतःलाच फॉरवर्ड करता येते, २०२२ पासून ती सोय आहे, पण ते रात्री कीपमध्ये उतरवा, दुसरी जागा होऊ देऊ नका.

महिन्याच्या शेवटी रिपोर्ट असतो तेव्हा मी फोनचं साधं टायमर लावतो, २५ मिनिटं, नेट बंद. याला पोमोडोरो म्हणतात, फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटलीच्या माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून सुरू केलं. त्याच्यासाठी वेगळं अ‍ॅप टाकायची गरज नाही.

आणखी दोन टाकून ठेवा. गुगल मॅपमध्ये आपला तालुका ऑफलाईन डाउनलोड करा, पांदण रस्ते त्यात दिसत नाहीत म्हणून शेताच्या धुऱ्यावर उभं राहून जागा सेव्ह करायची आणि नाव द्यायचं आपल्या खुणेने, "मोहाच्या झाडाजवळ" असं. आणि दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगते. पावसाळ्यात शेतात असता तेव्हा त्याची सूचना आली तर ट्रॅप मोजणं सोडा, झाडाखाली थांबू नका, गावात परत या.

चारही जणांनी उद्या येताना फोन चार्ज करून आणि निदान ५ जीबी जागा रिकामी करून आणा. वाटेत स्टँडवर थांबू, तिथे रेंज आहे, कीप आणि शीट दोन्ही तिथेच लावून देतो.