ओकची बी वाळवू नका: ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

इंग्लंड-वेल्समध्ये ज्यांनी थोडीफार जमीन घेतली आहे आणि बांधाला देशी ओक लावायचा आहे, त्यांनी बी, म्हणजे ओकचं अख्खं फळ (एकॉर्न), वेचायचं ते आत्ताच. दरवर्षी झाड सारखं फळत नाही. भरघोस बार काही वर्षांआड येतो. यंदा झाडाखाली सडा पडला असेल तर आळस करू नका.

आपल्याकडे बियाणं म्हटलं की आधी ऊन दाखवायचं. ज्वारी-तुरीला ते बरोबर, ओकला मारक. फणसाची आठळी सुकली की रुजत नाही, हे कोकणातल्यांना सांगायला नको. ओकच्या बीचंही तेच. आतला ओलावा साधारण ४० टक्क्यांच्या खाली गेला की बी मरते, आणि वरून मात्र ठणठणीत दिसते. वेचल्यावर लगेच पेरा. थांबावंच लागलं तर ओलसर वाळूत किंवा पालापाचोळ्याच्या खतात घालून, तोंड सैल ठेवलेल्या पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवा.

झाड कोणतं तेही बघून घ्या. फळं लांब देठावर लोंबत असतील, पान जवळजवळ बिनदेठाचं आणि तळाशी दोन छोट्या पाळ्या असतील, तर तो इंग्लिश ओक. त्याला जड, ओलसर जमीन चालते. फळं फांदीला चिकटलेली आणि पानाला चांगला देठ असेल तर सेसाइल ओक. तो निचऱ्याच्या डोंगरउतारावर लावा. दोघांचा संकरही होतो, त्यामुळे मधलीच लक्षणं दिसली तर गोंधळू नका.

सगळ्यात आधी गळलेली फळं सोडून द्या, ती बहुधा किडकी निघतात. सोंड्या भुंग्याची मादी उन्हाळ्यात कोवळ्या फळाला भोक पाडून अंडी घालते. फळ पडल्यावर अळी गोल छिद्र पाडून बाहेर येते आणि मातीत शिरते. छिद्र दिसलं की गर गेलाच समजा. उरलेली रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी तरंगणारी टाका.

बी आडवी, दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. कुंडी खोल हवी, कारण सोटमूळ आधी सरळ खाली धावतं. मूळ याच हिवाळ्याच्या तोंडावर फुटतं, कोंब मात्र वसंतात वर येतो. तोवर रुजलं की नाही हे बघायला माती उकरू नका. नाजूक मूळ तिथेच मोडतं. दोन्ही बीजदलं जमिनीखालीच राहतात. त्यात साठा असतो म्हणून उंदराने शेंडा खुडला तरी रोप पुन्हा फुटू शकतं. पण बीच पळवली तर इलाज नाही, तेव्हा वर बारीक तारेची जाळी हवीच. शेतात लावल्यावर हरणांसाठी रोपाभोवती सव्वा मीटर उंचीची नळी बसवा. उन्हाळ्यातल्या नव्या फुटीवर भुरी (पांढरी बुरशी) दिसेल. जोमदार रोप ती सोसतं.

गाई-मेंढ्या असतील तर वादळानंतर ओकखालचं कुरण तारेने बंद करा. हिरव्या फळांतलं टॅनिन मूत्रपिंडं निकामी करतं. जनावर चारा सोडतं, आधी शेण अडतं, मग काळसर हगवण लागते. एवढं दिसलं की घरगुती उपायात वेळ घालवू नका, पशुवैद्याला बोलवा. गवत कमी असेल तिथे आधीच वाळला चारा टाका, उपाशी जनावरच फळांच्या मागे लागतं. डुकरांना ही फळं बरीच पचतात. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात शरदात डुकरं सोडतात ती फळं वेचून खायलाच, म्हणजे मागाहून चरणारी घोडी-गुरं वाचतात.