मुलाच्या डोळ्याला लागलं? आधी या चुका टाळा

सुट्टीत आलेल्या भाच्यानं अण्णांच्या बंडीतली चुन्याची ट्यूब काढली, दाबली आणि ती थेट उजव्या डोळ्यात फुटली. आम्ही काय केलं? रिक्षा शोधली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पोरगं किंचाळतंय आणि ताई ओल्या रुमालानं पुसतेय. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न : "पाणी किती वेळ मारलं?"

मारलंच नव्हतं. चुना अल्कली असतो, बुबुळातून आत आत उतरत जातो. नळाखाली डोकं धरायचं, बोटांनी पापण्या उघड्या ठेवायच्या आणि निदान वीस मिनिटं धार सोडायची. मूल हातपाय झाडणारच. एकानं धरावं, दुसऱ्यानं धुवावं. रिक्षा त्यानंतर. डॉक्टरांनी वरची पापणी उलटवली तेव्हा कापसाच्या काडीवर चुन्याचे पांढरे कण निघाले. एवढा वेळ ते तिथेच जाळत बसले होते. गुलाबपाणी, तूप, लिंबू यातलं काहीही घालू नका. (शेजारच्या काकू तूप घेऊन आल्या होत्याच.)

करकटक, पेन्सिल किंवा खेळण्यातल्या बाणाची काडी घुसली असेल तर मात्र सगळं उलट. धुवायचं नाही, चोळायचं नाही, रुतलेलं उपसायचं नाही. कागदी कप डोळ्यावर पालथा धरून चिकटपट्टी लावा. आणि "बिचारा सकाळपासून उपाशी आहे" म्हणून बिस्किट देऊ नका. लहान मुलांना टाके पूर्ण भूल देऊन घालतात, पोट भरलेलं असलं तर ऑपरेशन लांबू शकतं.

पार्किंगमधल्या क्रिकेटचा बॉल लागला आणि लाली उतरली, की आपण विसरतो. आत रक्त साचून दाब वाढलेला असू शकतो, आतला पडदा तर काही काळानंतरही सरकू शकतो. डोळा तपासून घ्याच. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ड्रॉप आणू नका.

आता पैसे. भाचा ॲडमिट नव्हता, त्यामुळे ड्रॉप आणि फेऱ्यांचे पैसे मेडिक्लेममधून मिळाले नाहीत. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो. पण ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी सोडलं तर "२४ तास झाले नाहीत" म्हणून गप्प बसू नका, डे-केअरमध्ये क्लेम होतो का ते विचारा. केसपेपरवर डोळ्याला कशानं, कधी, कुठे लागलं ते खरं लिहून घ्या. भांडण नको म्हणून कुणाचं तरी नाव झाकायला केसपेपरवर एक आणि क्लेम फॉर्मवर दुसरं सांगितलं, की क्लेम अडकतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात बिल भरण्याआधीच रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनिसाला) गाठा. पुण्यात सरकारी ससून रुग्णालय आहेच. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. तेव्हा मुख्याध्यापकांना त्याच आठवड्यात भेटा, बिलांच्या झेरॉक्स घेऊन.