क्रॉप कव्हरच्या कडा आजच मातीत गाडा

किमान तापमान 10 अंशांखाली उतरलं की कलिंगड-खरबुजाची कोवळी रोपं थिजतात, शेंडा चालत नाही. जुन्नर, शिरूर, इंदापूरच्या पट्ट्यात क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर अंथरायचं पातळ कापड, टाकलेल्या प्लॉटमध्येही हे दिसतं. कारण बहुतेक वेळा एकच: कडा उघड्या.

कापड स्वतः ऊब देत नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, ती कव्हरखालच्या स्थिर हवेत धरली जाते. 17 जीएसएमच्या (चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाच्या) कव्हरने मिळणारा 1-2 अंशांचा आधार या हवेचाच. दर पाच फुटांवर दगड ठेवला, तर दोन दगडांमध्ये कापड फुगतं, हात जाईल एवढी फट पडते आणि पहाटेपर्यंत सगळी ऊब निसटते.

बेडच्या दोन्ही बाजूंना चार बोटं खोल चर काढा, कापडाची कड आत सोडून ओली माती सलग ओढा. बेडची दोन्ही टोकंही बुजवा. ती हमखास विसरली जातात. फवारणीसाठी उचललेली बाजू दुपारी चारच्या आत पुन्हा गाडा. अंधार पडल्यावर झाकलं तर गार हवाच कोंडते. कापड तोलणाऱ्या कमानी 5-6 फुटांवर घ्या. दवाने भिजलेलं कापड पानाला चिकटलं तर पान तिथेच करपतं.

दुकानदार जाड, महाग कापड गळ्यात मारतात. जाड कापडाने ऊब थोडी वाढते, पण उजेड घटून वेल लांबुळके होतात. 17 पुरे. 1.6 मीटर रुंदीचा एक मीटर तुकडा काट्यावर 27 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ‘थंडीचं टॉनिक’ घेऊ नका, त्या पैशात दोन मजूर लावून कडा गाडून घ्या.

बाकी कामं:
- झाकण्याआधी पांढरी माशी, फुलकिडे तपासणे. 5 टक्के निंबोळी अर्क
- ट्रायकोडर्मा (रोगांना आवरणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम प्रति लिटर, आळवणी (रोपाच्या मुळाशी ओतणे)
- ठिबक दिवसा. ओली जमीन ऊब जास्त धरते

संध्याकाळी वारा पडला आणि चुलीचा धूर वर न जाता शिवारावर पसरून राहिला, तर ती रात्र कडाक्याची समजा. ओढ्याकाठच्या खोलगट रानातल्या कडा आधी बघा, गार हवा तिथेच साचते.

मादी फुलं दिसली की कव्हर काढा. मधमाशी आत गेली नाही तर फळ धरत नाही.