छोट्या धंद्याचं मॅनेजमेंट कसं बसवायचं: आधी ठरवा कोणी कोणाला विचारायचं

मॅनेजमेंट शिकायचं म्हटलं की लोक आधी सेमिनारला जातात, मग भिंतीवर व्हिजन-मिशनची फ्रेम लावतात, मग एखादं महागडं सॉफ्टवेअर घेतात आणि सहा महिन्यांनी दुकानात तीच बोंब असते की मालक नसला की काम ठप्प. मला या सल्ल्यांचा खरंच वैताग आला आहे. आपल्या नागपुरात इतवारीतल्या पेढीपासून हिंगणा एमआयडीसीतल्या शेडपर्यंत कितीतरी धंदे घरचेच, पाच-पंधरा माणसांचे, आणि त्यांना लागणारं मॅनेजमेंट एका दोनशेपानी वहीत मावतं. माझं कूलर बनवायचं युनिट आहे त्यामुळे उदाहरणं कूलरचीच देतो, तुमचं किराणा असो, प्रिंटिंग असो की केटरिंग, पायऱ्या त्याच.

पुस्तकातलं थोडं आधी सांगून टाकतो कारण ते कामाचं आहे. हेन्री फेयॉल नावाचा फ्रेंच माणूस, मूळचा खाण इंजिनिअर, १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या खाण आणि पोलादाच्या कंपनीचा प्रमुख झाला, ती कंपनी त्याने सावरली आणि १९१६ मध्ये हा सगळा अनुभव लिहून काढला. त्याने मॅनेजमेंटची पाच कामं सांगितली, नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण, आणि सोबत १४ तत्त्वं. बारावी कॉमर्सची पोरं ही तत्त्वं पाठ करून पेपर लिहितात आणि विसरतात, पण हा माणूस वर्गात बसून बोलत नव्हता, आयुष्यभर कंपनी चालवून मग बोलला, म्हणून मी त्याचं ऐकतो. १४ पैकी सगळीच तुम्हाला उद्या लागणार नाहीत. दोन नीट बसवली तरी धंदा हलका होतो, ती खाली येतातच.

पहिली पायरी, नियोजन. सीझनच्या उलटं चालायचं, एवढंच. कूलर विकला जातो मार्च ते जून, पण पत्रा, मोटर, पंप यांची ऑर्डर थंडीत द्यायची, कारण एप्रिलमध्ये ऊन चढलं की सगळ्यांना एकदमच माल पाहिजे असतो आणि व्यापारी उधारी बंद करतो. वहीचं एक पान घ्या, बारा महिने लिहा, प्रत्येक महिन्यापुढे पैसे किती येतील आणि किती जातील ते अंदाजाने टाका. जो महिना खाली जातो त्याची सोय आत्ताच करा. झालं नियोजन.

आता ती पायरी जिच्याशी मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं. संघटन. कोण काय ठरवणार आणि कोण कोणाला विचारणार.

इथे सल्ला देणारे म्हणतात कामं वाटून द्या. अहो, कामं तर सगळ्यांनीच वाटलेली असतात, पत्रा कापणारा पत्रा कापतो, फिटिंगवाला फिटिंग करतो, गाडीवाला डिलिव्हरी देतो. काम अडतं ते निर्णयावर. मे महिन्याची दुपार, पारा ४५ च्या पुढे, मानेवाड्याला एका घरी सर्व्हिसचा पोरगा कूलर उघडून बसला आहे, पंप जळाला आहे, नवा पंप त्याच्या पिशवीत आहे, घरात म्हातारी आजी पंख्याखाली घामाने निथळते आहे आणि पोरगा पंप बसवत नाही, कारण तो वॉरंटीत फुकट द्यायचा की पैसे घ्यायचे हे मालकालाच विचारावं लागतं, आणि मालक लग्नात, मंगल कार्यालयातल्या बँडमध्ये त्याला फोनची रिंग ऐकू येत नाही. पोरगा अर्धा तास वाट पाहतो, "संध्याकाळी येतो काकू" म्हणतो आणि निघतो. पंप होता, माणूस होता, वेळ होता, फक्त हो म्हणणारा नव्हता.

फेयॉलने नेमकं हेच १८६१ मध्ये लिहून ठेवलं आहे, तेव्हा तो विशीतला पोरगा होता. खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला, फेयॉलने दुसरा घोडा मागितला, तबेल्यावरचा माणूस म्हणाला कागदावर संचालकाची सही नाही, आणि संचालक बाहेर गेलेला, मागे कोणाला अधिकार देऊनच गेला नव्हता. कितीही विनवण्या केल्या तरी घोडा मिळाला नाही आणि त्या थरावरचं काम बंद पडलं. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष साधा आहे, जागेवर अधिकार असलेला कोणीतरी कायम हजर पाहिजे. तबेल्यावरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने केलं. आपल्या सर्व्हिसच्या पोराचंही तसंच आहे, त्याला "अक्कल वापरत जा" म्हणून झापून काही होत नाही, त्याच्या हातात अधिकारच दिलेला नसतो.

तर करायचं असं. आठ दिवस खिशात चिठ्ठी ठेवा आणि तुम्हाला फोन करून किंवा येऊन जे जे विचारलं जातं ते सगळं लिहा. काम लिहू नका, प्रश्न लिहा. दोनशे रुपये कमी करू का, या गिऱ्हाइकाला उधार देऊ का, वेल्डिंगचा होल्डर तुटला आणू का, उद्या सुट्टी देऊ का, वाकडा पत्रा परत करू का, फुकट बदलून देऊ का. आठवड्यात कळेल की तेच ते दहा-पंधरा प्रश्न फिरून फिरून येतात. मग वहीत प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहायच्या, एक नाव, रुपयांची एक हद्द, आणि तो माणूस नसेल तेव्हा कोण ते दुसरं नाव. उदाहरणार्थ, वॉरंटीतला पंप बदलणं, सर्व्हिसवाला स्वतः, ₹५०० पर्यंत, त्याच्यावर गेलं तर सुपरवायझर, सुपरवायझर नसेल तर काउंटरवरच्या ताई. हे पान मोठ्या अक्षरात लिहून शेडमध्ये लावा. व्हिजनच्या फ्रेमची जागा याला द्या.

दुसरं नाव लिहायला लोक कंटाळतात आणि घोडा तिथेच अडतो. एकही रकाना रिकामा ठेवू नका.

जबाबदारी द्यायची आणि अधिकार द्यायचा नाही, हा प्रकार मी बर्डीपासून बुटीबोरीपर्यंत पाहिला आहे. "स्टोअर तू सांभाळ" म्हणायचं पण दहा रुपयांचा नट आणायलाही सही मालकाची. मग माल संपला की ओरडा कोणाला, स्टोअरवाल्याला. फेयॉलच्या यादीत अधिकार आणि जबाबदारी एकाच तत्त्वात जोडून दिल्या आहेत, एक काढली की दुसरीला अर्थ राहत नाही, आणि चांगला माणूस अशा जागेवर दोन सीझन टिकत नाही.

आता दुसरं तत्त्व, आणि घरच्या धंद्यात हेच सगळ्यात जड जातं. एका माणसाला हुकूम एकानेच द्यायचा, पुस्तकात याला आदेशातील एकवाक्यता म्हणतात. आपल्याकडे काय होतं, सकाळी मोठे भाऊ सांगतात तीस कूलर सक्करदऱ्याच्या डीलरचे आधी काढ, अकरा वाजता काकाजी येतात, त्यांच्या ओळखीच्या माणसाचा एक कूलर अर्जंट, तो आधी. दुपारी धाकटा येतो आणि सगळ्यांनाच गाडी भरायला लावतो. संध्याकाळी डीलरचा माल तयार नाही आणि तिघंही त्या एका फिटरला विचारतात, "काय करून राहिला होता रे दिवसभर?" तो बिचारा तिघांचं ऐकत होता. असा माणूस हळूहळू एक गोष्ट शिकतो, जो समोर उभा आहे त्याचं काम करायचं, बाकीचं सोडून द्यायचं. त्यानंतर तुमचं कोणतंही नियोजन शेडमध्ये उतरत नाही.

काकाजींना थांबवायचं कसं? नोकराला पुढे करून थांबवू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. "काकाजींचं ऐकायचं नाही" असं नोकराला सांगितलं तर तुम्ही घरातल्या मोठ्या माणसाचा मान घालवला आणि नोकराला भलत्याच जागी उभं केलं. घरी जेवण झाल्यावर बसा, वही दाखवा, म्हणा, "काकाजी, तुमचा शब्द खाली पडणार नाही, फक्त तो सुपरवायझरला सांगा, तो करून घेईल." मोठ्या माणसांना नाही ऐकणं जमत नाही, पण कोणामार्फत सांगायचं ते सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. आणि त्यांना एक खरं खातं द्या, नावापुरतं नाही. जुनी उधारी वसूल करणं काकाजींसारखं कोणालाच जमत नाही, तिथे मग तुम्ही ढवळाढवळ करायची नाही. फिटरला एवढंच शिकवा की दुसऱ्या कोणी काही सांगितलं तर "हो जी, सुपरवायझर भाऊंना सांगतो" म्हणायचं आणि खरंच जाऊन सांगायचं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम सोडायचे बंद करा. ग्रुपवर "कोणीतरी मेडिकल चौकात जाऊन या" लिहिलं की कोणीच जात नाही, किंवा दोघं जातात. ग्रुप माहितीसाठी, काम ज्याचं त्याला नाव घेऊन.

यातली सगळ्यात अवघड जागा पुढे आहे. तुम्ही ₹५०० चा अधिकार दिला, पोराने तो वापरला, आणि तुमच्या मते चुकीचा वापरला, वॉरंटी संपलेल्या गिऱ्हाइकाला पंप फुकट देऊन आला. त्या क्षणी काय करता यावर पुढचं सगळं ठरतं. गिऱ्हाइकाला फोन करून पैसे मागितले, चारचौघांत झापलं किंवा पगारातून कापले, तर उद्यापासून तो प्रत्येक पंपासाठी फोन करेल, आणि फक्त तोच नाही, शेडमधले सगळेच करतील कारण सगळ्यांनी पाहिलं. दिलेला निर्णय गिऱ्हाइकासमोर कधीही फिरवायचा नाही. संध्याकाळी एकट्याला बसवा, का दिलं ते आधी विचारा, कधीकधी कारण बरोबर निघतं, नसेल तर बिलावरची तारीख कशी पाहायची ते दाखवा आणि हद्द तीच ठेवा. तीच चूक तो पुन्हा पुन्हा करत असेल तेव्हा हद्द कमी करा, तीसुद्धा त्याला सांगून. उलट जो नीट वापरतो त्याची हद्द पुढच्या सीझनला वाढवा, वहीत त्याच्यासमोर वाढवा, पगारवाढीइतकीच ती त्याला लागते.

ही पायरी सीझनमध्ये सुरू करू नका. आमच्या धंद्यात पावसाळा लागला की शेड शांत असते, तेव्हा करायची, चुका स्वस्तात होतात. फटाक्यांचा धंदा असेल तर दिवाळी गेल्यावर.

माणसं टिकवण्याबद्दल थोडंसं. दंड लावून हजेरी सुधारत नाही, हे नागपूरला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, कामगार धड रोज येत नव्हते, आणि मॅनेजर बेझनजी मेहता तर रेल्वेतून आलेले, कापडाचा अनुभव नसलेले. तिथे दंड वाढवत बसले नाहीत, चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊ लागले, तेही कायद्याने भाग पाडायच्या कितीतरी आधी. तुम्ही निदान कायद्यातलं तरी वेळेवर द्या, साधारण १० माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आणि २० झाली की पीएफ, आणि पगाराची तारीख एकच ठेवा.

समन्वयाला रोज सकाळी दहा मिनिटं, सगळे उभ्याने, काल काय राहिलं आणि आज आधी काय. बसायचं नाही, चहा नंतर.

नियंत्रण म्हणजे सीसीटीव्ही नाही. रोज रात्री वहीत तीन आकडे, गल्ल्यातली रोकड, बाहेरची येणी आणि न मिटलेल्या तक्रारी. नफा महिन्याने पाहा, हे तीन रोज. येणी वाढत असतील तर विक्रीच्या आकड्यावर खूश होऊ नका, उधारीवर विकलेला माल पैसे येईपर्यंत तुमच्याच खिशातून गेलेला असतो. तुम्ही स्वतः माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर केला तर त्याच्यावर व्याज चढतं. हे बिलावर छापून ठेवा. नुसत्या ट्रेडिंगला हा फायदा मिळत नाही, तिथे उधारीची हद्दही त्याच वहीत, त्याच पानावर, एका नावापुढे लिहायची.