हिरोशिगेचा पाऊस नीट बघायचा कसा

पुलावरच्या पावसाचं ते जपानी चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणारच, कुणाच्या मगवर नाहीतर वॉलपेपरवर. हिरोशिगे या चित्रकाराचं, १८५७ सालचं, लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं. एडो म्हणजे आजचं टोकियो, सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी पूल, अचानक आलेली सर आणि लोकांची पळापळ.

आधी एक करा, फोनवर नको, लॅपटॉपवर बघा. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट किंवा न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, यांच्या साइटवर मोठी फाइल फुकट मिळते. मूळ प्रिंट तसं छोटंच, ए-फोर कागदापेक्षा जरासं मोठं.

आता झूम करा आणि बाकी सगळं सोडून फक्त पावसाच्या रेषा बघा. आपल्याला वाटतं की रेष कोरलीये, पण तसं नाहीये, ठशावर जे उंच राहतं तेच छापलं जातं, म्हणजे कारागिराने चेरीच्या लाकडात रेषेच्या दोन्ही बाजू कोरून काढल्या आणि मधे केसाएवढी धार तशीच उभी ठेवली, आणि असं शेकडो वेळा! एक तुटली की संपलं. शिवाय पावसाचे ठसे दोन आहेत, दोघांचा तिरपेपणा किंचित वेगळा, म्हणून रेषा एकमेकींना छेदतात आणि सर खरोखर झोडपतेय असं वाटतं. एकाच दिशेच्या रेषा असत्या तर नुसता पडदा दिसला असता.

मग वर जा. तो काळा ढग खाली विरत जातो त्याला बोकाशी म्हणतात. हे कोरलेलं नसतं, छापणारा ओल्या ठशावर रंग हाताने पसरवतो आणि मग कागद ठेवून मागून बारेनने घासतो (बारेन म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेली चपटी गोल गादी). हे हातावर अवलंबून, त्यामुळे प्रत्येक प्रतीतला ढग वेगळा. दोन म्युझियमच्या प्रती शेजारी शेजारी उघडा, मला तर हाच सगळ्यात मजेचा भाग वाटतो. नदीचा निळाही तसाच विरतो, तो प्रशियन ब्लू, युरोपातून आलेला रंग.

माणसं शेवटी बघा. छत्र्या, गवती टोप्या, एकाने तर चटईच डोक्यावर घेतलीये, आपलं इरलंच जणू. खाली ओंडक्यांच्या तराफ्यावरचा माणूस मात्र आपला तराफा हाकतोय, त्याला भिजायचं काही नाही. पलीकडचा काठ नुसता करडा, तपशील काहीच नाही, आणि तिथेच अंतर कळतं.

आणि हो, हिरोशिगेने फक्त रेखाटन केलं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे लावणारा प्रकाशक उओया एकिची. नाव झालं ते हिरोशिगेचं.

वेळ असेल तर व्हॅन गॉगने १८८७ मधे केलेली नक्कलही उघडा. तेलरंगात त्या बारीक धारेचा ब्रशचा फटकारा झालाय, चित्र जिवंत आहे पण पाऊस वेगळाच.

कुणी ओरिजिनल म्हणून विकायला आलं तर भिंग घ्या. बारीक बारीक ठिपके दिसले तर ते मशीनवर छापलेलं. ठिपके नाहीत म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण आजही नवे ठसे कोरून हाताने छापतात, सुंदर असतात, पण ते १८५७ चे नव्हेत आणि किंमतही तेवढी नसावी.