आधी गोळ्यांचा डबा उघडा, मग ताटाकडे बघा

घरातल्या वयस्कर माणसाचं जेवण कमी झालं की आपण ‘वय झालं आता’ म्हणतो आणि सोडून देतो. सासूबाईंच्या बाबतीत आम्हीही तेच केलं. ब्लाउज ढगळ झाले, आमटी त्यांना मचूळ लागायला लागली, तरी संशय आला तो माझ्या स्वयंपाकावर! रोज पाच किंवा त्याहून जास्त औषधं चालू असतील, तर आधी गोळ्यांचा डबा तपासायचा.

सगळी औषधं एकदा टेबलावर मांडा. उशीखालची अ‍ॅसिडिटीची गोळी, इसबगोल, वैद्यांचं चूर्ण, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं कॅल्शियम, काहीही वगळू नका. आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून अकरा प्रकार निघाले. काही पट्ट्या कात्रीने अशा कापलेल्या की नावच गायब. त्या केमिस्टकडून ओळखून घ्या.

मग कागदावर लिहा: नाव, कशासाठी, कोणी दिलं, किती वाजता आणि कशाबरोबर. शेवटच्या रकान्यातच घोळ सापडतो. सासूबाई थायरॉइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर घ्यायच्या, पाठोपाठ कॅल्शियम. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

आता प्रत्येक औषधासमोर ते अन्नातलं काय अडवतं ते बघा. सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं ते बी-12 जीवनसत्त्व. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते अंगी लागणं कमी होतं. पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं बी-12 मोकळं व्हायला तेच आम्ल लागतं. त्यात घर शाकाहारी असेल तर बी-12 मिळतं ते बहुतेक दूध-दह्यातूनच, म्हणजे मुळात शिल्लक कमी. मग पायाला मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं. मुंग्यांचं खापर साखरेवर फुटतं, विसरण्याचं वयावर. डॉक्टरांना विचारून रक्तातलं बी-12 तपासून घ्या.

बीपीच्या गोळ्यांचं गणित उलटसुलट आहे. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम उतरतं, तर टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून रोजचं नारळपाणी किंवा ‘कमी सोडियमचं’ मीठ विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्या मिठात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते. आठवड्याचं प्रमाण एकसारखं ठेवायचं, आज पातेलंभर पालक आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, असं नको. अ‍ॅस्पिरिनला हा नियम लागू नाही. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी एकादशी धरण्याआधी त्या दिवशीच्या गोळीचं विचारून घ्यावं, नाहीतर साखर एकदम उतरते.

अ‍ॅलर्जीच्या, झोपेच्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, घास फिरत राहतो. अशा वेळी भाकरी ताकात कुस्करून द्या, भातावर वरण सढळ हाताने घाला.

महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करा. साठ किलोचं माणूस सहा महिन्यांत आपोआप सत्तावनवर आलं, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका.

तो कागद आणि डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, “यातलं काही कमी करता येईल का?” आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. बीपीची किंवा फिटची गोळी अचानक थांबवणं महागात पडतं.

आमच्या अकरातल्या तीन तिथेच गेल्या. अकरात दोन तर पँटोप्राझोलच्याच होत्या, दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या नावाने लिहून दिलेल्या. त्यातली आता एकच उरली आहे.