घाटात ऑईलचा लाल दिवा लुकलुकला तर

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासला जाताना, किंवा वाईहून पसरणी घाट चढताना, वळणावर ऑईलचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो. बरेचजण दुर्लक्ष करतात. करू नका. हा दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, इंजिनात ऑईलचा दाब पडलाय हे सांगतो.

ऑईल पंप इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून जाळीवाटे ऑईल ओढतो आणि फिल्टरमधून बेअरिंगपर्यंत (इंजिनाचे फिरते भाग ज्यांवर टेकतात तिथपर्यंत) ढकलतो. ऑईल कमी असेल तर चढावर किंवा वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून घाटात निघण्याआधी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त ओतणंही वाईटच.

दिवा लागूनच राहिला तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद. 'वरपर्यंत पोचू' हा हिशेब बेअरिंग खातो. ऑईल पुरेसं असूनही दिवा लागला असेल तर पुन्हा स्टार्ट न करता टो करा.

गॅरेजवाला थेट 'पंप गेला' म्हणाला, तर आधी गेजने दाब मोजायला सांगा. कित्येकदा हा दिवा लावणारा स्वस्तातला प्रेशर स्विचच खराब असतो, किंवा वेळेवर ऑईल न बदलल्याने जाळी गाळाने तुंबलेली असते. आणि हो, खालून दगड लागून चेंबर चेपलाय का, तेही वाकून बघा.